वुडलँड गार्डनमधले पानगळीचे रंग आणि वर्षभराचं बघण्यासारखं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पानगळ जवळ आली की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. वुडलँड गार्डन म्हणजे झाडांच्या सावलीत थराथराने लावलेली बाग, वर मोठी झाडं, त्यांच्याखाली लहान झाडं आणि झुडपं, आणि अगदी खाली नेचे, कंद, शेवाळ आणि पालापाचोळा. हा खालचा थर डोक्यात ठेवून वाचा, कारण बहुतेक उत्तरं शेवटी तिथेच येतात.

रंग नक्की कधी बघायला मिळतात? कुठला आठवडा धरायचा?

उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशात साधारण सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, दक्षिण गोलार्धात एप्रिल-मे. (पुढे उन्हाळा म्हटलं की उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशातला, जून ते ऑगस्टचा, धरा.) पण "पीक वीक" नावाच्या एकाच आठवड्यामागे धावू नका असं मी मनापासून सांगेन, कारण चांगल्या वुडलँड गार्डनमधे रंग एकदम येतच नाहीत, ते पाळीपाळीने येतात. सार्जंट चेरी आणि रेड मेपल बऱ्याचदा सगळ्यात आधी रंगतात, कात्सुराही लवकरच, मग जपानी मेपल आणि निसा, मग बर्च, बीच, गिंको, आणि सगळ्यात शेवटी लिक्विडअंबर, स्कार्लेट ओक आणि लार्च. म्हणजे झाडं नीट निवडली असतील तर सात-आठ आठवडे काही ना काही चालू असतं. एकदाच जायला जमणार असेल तर मधला काळ धरा, पण दोनदा जमलं तर एकदा सुरुवातीला आणि एकदा अगदी शेवटी जा, मधलं सगळेच बघतात.

पानं रंग बदलतात म्हणजे आत काय होतं?

दिवस लहान व्हायला लागले की झाडाला कळतं की आता पानं सांभाळणं परवडणार नाही. मग झाड पानातला माल परत आत ओढायला लागतं, खास करून नायट्रोजन आणि फॉस्फरस, आणि त्यासाठी पानातलं क्लोरोफिल म्हणजे हरितद्रव्य मोडलं जातं. हिरवा रंग गेला की खाली जो पिवळा-केशरी होता तो दिसायला लागतो, ही कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं पूर्ण उन्हाळाभर पानातच असतात, फक्त हिरव्याखाली झाकलेली. बर्च, गिंको, हेझल यांचा पिवळा असा येतो.

लाल आणि जांभळ्याची गोष्ट वेगळी आहे. तो अँथोसायनिनमुळे येतो, आणि बहुतेक झाडांत हे द्रव्य आधीपासून नसतं, पानगळीच्या तोंडावर पानात अडकलेल्या साखरेपासून नव्याने बनतं. दरम्यान देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो, तो हळूहळू पान आणि फांदी यांच्यातली वाट बंद करतो, आणि शेवटी पान तिथूनच सुटतं. झाडाच्या बाजूची जखम तोवर बुचासारख्या थराने बंद झालेली असते. आणि ओकसारख्या झाडांचा तपकिरी रंग म्हणजे बाकी सगळं गेल्यावर मागे उरलेलं टॅनिन हे तुरट द्रव्य.

मग झाड मरणाऱ्या पानात नवीन रंग कशाला बनवतं? फुकट खर्च नाही का तो?

खूप चांगला प्रश्न, आणि शास्त्रज्ञांचं यावर अजून एकमत नाही. एक मत असं की अँथोसायनिन उन्हापासून संरक्षण करतं, म्हणजे हरितद्रव्याची यंत्रणा मोडत असताना जास्तीच्या उजेडाने पानाचं नुकसान होऊ नये आणि तेवढ्या वेळात झाडाला आतला नायट्रोजन काढून घेता यावा. दुसरं मत उत्क्रांतीचे अभ्यासक विल्यम हॅमिल्टन यांचं, त्यांचा आणि सॅम ब्राउन यांचा पेपर २००१ साली आला, हॅमिल्टन गेल्यानंतर. त्यात म्हटलं होतं की भडक रंग हा माव्यासारख्या किडींना इशारा आहे की हे झाड धट्टंकट्टं आहे, इथे अंडी घालून फायदा नाही. मला स्वतःला पहिलं मत जास्त पटतं, कारण एकाच झाडाची उन्हाकडची बाजू लाल आणि सावलीतली पिवळी हे दृश्य कुठल्याही बागेत दिसतं. पान दुसऱ्या पानावर आडवं पडलेलं असेल तर झाकलेला भाग पिवळा आणि उघडा भाग लाल, अगदी छापा मारल्यासारखा. एकदा लक्षात आलं की मग सगळीकडे दिसायला लागतं.

मागच्या वर्षी बाग लालभडक होती, यंदा एकदम फिकी. काय बिघडलं?

बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं, हवामान वेगळं होतं इतकंच. लाल रंगाला हवं असतं ते असं: दिवसा स्वच्छ ऊन, म्हणजे पानात भरपूर साखर बनते, आणि रात्री थंडी पण शून्याच्या वर, म्हणजे ती साखर पानातून लवकर बाहेर जात नाही. असे आठ-दहा दिवस सलग मिळाले की बघायलाच नको. उलट पानगळीत ढगाळ, उबदार, पावसाळी हवा राहिली की लाल मातकट होतो. लवकर कडक फ्रॉस्ट, म्हणजे दव गोठवणारी थंडी, पडली तर पानं रंगायच्या आधीच मरतात आणि तपकिरी होऊन लोंबतात, आणि जोराचा वारा आला तर एका रात्रीत खेळ खलास.

पिवळ्याचं तसं नाही, तो दर वर्षी जवळपास सारखाच येतो, कारण तो नव्याने बनवायचाच नसतो. त्यामुळे बागेत फक्त लाल झाडं लावणाऱ्यांना मी नेहमी सांगते की थोडे पिवळे पण ठेवा, वाईट वर्षी तेच बाग सावरतात.

पण एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. पानगळीतलं हवामान आपल्या हातात नाही हे खरं, पण उन्हाळ्यातलं पाणी आपल्या हातात असतं. उन्हाळ्याच्या शेवटी माती कोरडी ठणठणीत पडली तर झाड पानं करपवून आधीच टाकून देतं, आणि मग ऑक्टोबरमधे हवा कितीही छान असली तरी रंगायला झाडावर पानंच नसतात. ज्या बागेत जमिनीवर जाड पालापाचोळा आहे तिथली माती ओल धरून ठेवते आणि तिथे पानं शेवटपर्यंत टिकतात. रंग हवा असेल तर सगळ्यात आधी जमीन झाका, मग बाकीचं.

रंग जास्त यावा म्हणून कुठलं खत घालायचं?

कुठलंच नाही. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात नायट्रोजनचं खत घातलं तर उलट कोवळी फूट येते, झाड जास्त दिवस हिरवं राहतं आणि ती कोवळी फूट थंडीत जळते. पानांचं कुजलेलं आच्छादन पुरे.

रंगासाठी सगळ्यात चांगली झाडं कोणती?

यावर कुणाचंच एकमत होणार नाही, त्यामुळे ही माझी निवड समजा.

जपानी मेपल पहिला, त्यात "ओसाकाझुकी" ही जात, कारण तिचा किरमिजी-लाल बरा-वाईट कुठल्याही वर्षी येतोच. निसा सिल्व्हॅटिका म्हणजे ब्लॅक गम, याची चकचकीत पानं शेंदरी, लाल, पिवळी सगळी एकाच वेळी असतात, पण याच्या मुळांना हलवलेलं अजिबात चालत नाही म्हणून लहान रोपच लावायचं आणि जागा कायमची ठरवून लावायचं. लिक्विडअंबर पानं खूप उशिरापर्यंत धरून ठेवतो. पॅरोटिया पर्सिका, म्हणजे पर्शियन आयर्नवुड, हे इराणच्या उत्तरेकडच्या कॅस्पियन समुद्राकाठच्या जंगलांतलं झाड, याचं वैशिष्ट्य असं की एकाच पानात पिवळा, केशरी आणि वाईनचा रंग असतो, साल सुटून नक्षी होते, आणि हिवाळ्याच्या शेवटी बारकी लाल फुलं येतात, म्हणजे एका झाडात तीन ऋतूंची सोय.

गिंको पिवळाधमक, आणि त्याची पानं बऱ्याचदा कडक थंडीच्या एका रात्रीनंतर सगळी एकदम गळतात, सकाळी झाड उघडं आणि खाली पिवळा सडा. मात्र मादी झाड घेऊ नका, त्याच्या बियांवरच्या गराला अतिशय घाण वास येतो, त्यात ब्युटिरिक ॲसिड असतं. नर झाडाची कलमं मिळतात तीच घ्या.

आणि झुडपांत फोदरगिला, विच हेझल आणि ओकलीफ हायड्रेंजिया. ओकलीफ हायड्रेंजियाकडे लोक फुलांसाठी बघतात पण त्याची वांगी रंगाची पानं हिवाळा लागेपर्यंत टिकतात, त्याला मिळायला हवं तितकं कौतुक मिळत नाही.

जागा अगदी लहान आहे, एकच झाड लावता येईल. कोणतं?

अमेलँकियर. वसंतात पांढरी फुलं, उन्हाळ्यात पक्ष्यांना फळं, पानगळीत केशरी-लाल, आणि सावली विरळ त्यामुळे खाली कंद लावता येतात. जपानी मेपल पण चालेल आणि तो मोठ्या कुंडीतही वर्षानुवर्षं राहतो, फक्त कुंडी उन्हाळ्यात एक दिवसही कोरडी पडू द्यायची नाही.

आमची माती चुनखडीची आहे, तर काहीच रंगणार नाही का?

रंगेल की. आम्लधर्मी माती लागते ती निसा, फोदरगिला, ऱ्होडोडेंड्रॉन, ऑक्सिडेंड्रम यांना, आणि रेड मेपल चुनखडीत बऱ्याचदा पिवळट पडतो कारण त्याला मँगनीज मिळत नाही. पण फील्ड मेपल, बीच, युरोपियन स्पिंडल, स्मोक बुश, चेरी हे सगळे चुनखडीत छान राहतात. स्पिंडलची फळं तर बघाच, गुलाबी टरफल फुटतं आणि आतून शेंदरी बिया लोंबतात, गुलाबी आणि शेंदरी एकत्र इतके सुंदर दिसू शकतात यावर बघेपर्यंत विश्वास बसत नाही. मातीशी भांडू नका, मातीचा पीएच (आम्लपणा) बदलायच्या खटपटी मोठ्या झाडांच्या बाबतीत टिकत नाहीत.

जिथे थंडीच पडत नाही तिथे पानगळीचे रंग येतात का?

थंड प्रदेशासारखे नाही येत, पण काहीच येत नाही असंही नाही. लिक्विडअंबर आणि बाल्ड सायप्रस सौम्य हिवाळ्यातही बऱ्यापैकी रंगतात. आणि देशी बदाम तर उष्ण प्रदेशातलंच झाड, त्याची मोठी मोठी पानं गळायच्या आधी लालबुंद होतात. शिवाय उष्ण प्रदेशात लाल रंग दुसऱ्या टोकाला दिसतो, म्हणजे कोवळ्या पालवीत. आंब्याची तांबूस पालवी किंवा कुसुमाची लालभडक पालवी आठवा, तिथेही अँथोसायनिनच असतं.

जपानी मेपलची पानं जुलैतच कडेने करपून कुरकुरीत झाली. रोग आहे का?

जवळपास नेहमीच हे ऊन, वारा आणि कोरडी मुळं यांचं काम असतं. या मेपलची मुळं उथळ असतात आणि पान पातळ, त्यामुळे मुळांकडून पाणी पोचायच्या आत वारा ते उडवून नेतो. कडक दुपारच्या उन्हातून आणि वाऱ्याच्या झोतातून हलवा, बुंध्यापासून थोडं लांब आच्छादन घाला, खोल पाणी द्या. बारीक कातरलेल्या पानांच्या जाती सगळ्यात नाजूक. करपलेली पानं या वर्षी सुधारणार नाहीत, पण झाड मेलेलं नसतं, उपटू नका.

सगळं झाड हिरवं आणि एकच फांदी ऑगस्टमधेच लाल झाली, ते सुंदर दिसतंय.

सुंदर दिसत असलं तरी त्या फांदीकडे लक्ष द्या. एकच फांदी फार आधी रंगली म्हणजे तिला काहीतरी त्रास आहे, साल सोललेली असेल, फांदी तडकली असेल, किंवा मेपलमधे व्हर्टिसिलियम विल्ट ही बुरशी असू शकते. ती मातीतून मुळांवाटे आत शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद पाडते. फांदी आडवी कापून बघा, लाकडात हिरवट किंवा तपकिरी डाग-रेघा दिसल्या तर शंका पक्की धरा. वाळलेला भाग काढा, कात्री प्रत्येक वेळी पुसा, आणि त्या जागी पुन्हा मेपल लावू नका. पूर्ण झाडच लवकर रंगलं असेल तर बहुतेक वेळा पाणी कमी पडलंय किंवा मुळांपाशी खोदकाम झालंय.

आणि हो, सिकॅमोर-मेपलच्या पानांवर डांबराचे थेंब पडल्यासारखे काळे डाग येतात त्याला घाबरू नका, तो टार स्पॉट, दिसायला वाईट पण झाडाला त्याने फारसं काही होत नाही.

नर्सरीतून झाड कधी आणायचं?

रंगासाठी घ्यायचं असेल तर पानगळीतच जा आणि रंग डोळ्यांनी बघून घ्या. बियांपासून वाढवलेली रोपं एकमेकांसारखी नसतात, एक लालभडक निघतं, शेजारचं साधं पिवळट, म्हणून नावाच्या जातीचं कलम किंवा समोर रंगलेलं रोप घेतलेलं बरं. फक्त एवढं लक्षात ठेवा की कुंडीत कोंडलेलं रोप ताणाखाली असतं, ते जमिनीतल्यापेक्षा लवकर रंगलेलं असू शकतं.

लावायलाही हीच वेळ उत्तम, वरची हवा थंड पण माती अजून उबदार, म्हणजे पानांचा भार नाही आणि मुळं वाढत राहतात. बुंधा जिथे मुळांकडे रुंद होतो तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. झाडं खोल पुरून मारण्याचं प्रमाण फार आहे, नवीन झाड मेलं की लोक हवेला दोष देतात आणि खड्डा खणून बघत नाहीत. पहिले दोन-तीन उन्हाळे नीट पाणी.

झाड कुठे लावलं म्हणजे रंग उठून दिसेल?

दोन गोष्टी बघा. एक, सकाळ-संध्याकाळचा तिरपा उजेड झाडाच्या मागून येऊन तुमच्याकडे यायला हवा, मेपलचं पान पुढून बघितलं तर लाल आणि मागून उजेड आला तर पेटल्यासारखं दिसतं. दुसरी, मागे काहीतरी गडद सदाहरित हवं, यू, होली, किंवा उंच ऱ्होडोडेंड्रॉन. उघड्या आकाशासमोर पिवळा बर्च फिका पडतो, तोच काळपट हिरव्यासमोर झळकतो. आणि सगळंच रंगीत करायचा मोह आवरा. हिरव्या भरपूर गर्दीत एक लाल झाड जितकं लक्ष वेधतं तितकी लाल झाडांची रांग वेधत नाही.

तळं किंवा साधा पाण्याचा खोलगट हौद असेल तर रंगाचं झाड त्याच्या काठाशी लावा, वारा नसेल तेव्हा दुप्पट मिळतं.

सगळे वर झाडांकडे बघतात. जमिनीवर काही असतं का या दिवसांत?

असतं, आणि भरपूर असतं, हा प्रश्न विचारल्याबद्दल खरंच बरं वाटलं. सायक्लामेन हेडेरिफोलियम उन्हाळा संपता संपता पानांच्या आधीच फुलं काढतं, गुलाबी-पांढरी, मागे मुडपलेल्या पाकळ्यांची, आणि झाडाच्या अगदी बुंध्याशी कोरड्या सावलीत, जिथे दुसरं काही उगवत नाही तिथे. फुलं संपली की नक्षीदार पानं येतात ती वसंतापर्यंत राहतात. फळ धरलं की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळून फळाला जमिनीशी आणतो आणि मग मुंग्या बियांवरच्या गोड आवरणासाठी बिया ओढून नेतात, म्हणूनच काही वर्षांत सायक्लामेन आपल्याला वाटलंही नव्हतं तिथे उगवलेलं सापडतं. कंद लावताना गुळगुळीत गोल बाजू खाली ठेवा, या जातीत मुळं वरून आणि बाजूने फुटतात.

त्याशिवाय टोड लिली म्हणजे ट्रायसर्टिस, ठिपक्यांची फुलं, गुडघे टेकून बघावी लागतात. जपानी ॲनिमोन. ॲक्टिया, ज्याच्या पांढऱ्या उंच तुऱ्यांचा वास संध्याकाळी लांबून येतो. कॅलिकार्पाची जांभळी फळं, असा जांभळा दुसऱ्या कुठल्या फळात क्वचितच दिसतो. रॉयल फर्न नावाचा मोठा नेचा सोनेरी-तपकिरी होतो, ओलसर जागा असेल तर तो लावाच. ओल्या खोडावर हिरवंगार मॉस आणि त्यावर अडकलेलं एक लाल पान, यासाठी मी तरी वर बघणं सोडून देते.

कात्सुराच्या झाडाखाली कॅरॅमलचा वास येतो तो खरा आहे की भास?

खरा आहे. कात्सुराची पानं पिवळी पडून सुकताना त्यांत माल्टॉल सुटतं, भाजलेल्या साखरेतही तेच असतं. पानं चुरून नाकाशी धरली तर कमी येतो आणि झाडापासून थोडं लांब उभं राहिलं, हवा दमट असली की जास्त. उन्हाळ्यात मात्र या झाडाला कोरडं अजिबात चालत नाही.

आमचं कोनिफर (सुईसारख्या पानांचं झाड) अख्खं पिवळं पडलंय, मेलं का?

आधी कोणतं आहे ते बघा! लार्च, बाल्ड सायप्रस आणि मेटासिक्वोया ही कोनिफर असूनही दर वर्षी पानं टाकतात, लार्च सोनेरी होतो आणि बाकीचे दोघे विटकरी-तांबूस. मेटासिक्वोयाची गोष्ट सांगायलाच हवी. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ शिगेरु मिकी यांनी १९४१ मधे जीवाश्मांवरून या वंशाला नाव दिलं, तेव्हा तो केव्हाच नामशेष झालाय असंच वाटत होतं, आणि त्याच दशकात चीनमधे जिवंत झाडं सापडली. १९४८ मधे अमेरिकेतल्या अर्नोल्ड आर्बोरेटमने (आर्बोरेटम म्हणजे झाडांच्या संग्रहाची बाग) बिया जगभर वाटल्या, आज बागांतून दिसणारी अनेक मोठी झाडं त्याच बियांची. तेव्हा कापायच्या आधी वसंतापर्यंत थांबा.

पाला उचलायचा की राहू द्यायचा?

हिरवळीवरचा, पायवाटेवरचा, तळ्यातला आणि छोट्या नाजूक रोपांवर थापून बसलेला उचला. बाकी सगळा राहू द्या. कृपया राहू द्या. झाडांखालचा पाला म्हणजे घाण नाही, तिथे पतंगांचे कोष असतात, भुंगेरे, गांडुळं, बुरशीचे पांढरे धागे, बेडूक, आणि यांतली गांडुळं, बुरशी वगैरे मिळून त्या पाल्याची माती करतात, आणि तीच माती पुढच्या उन्हाळ्यात ओल धरते आणि पुढच्या पानगळीत रंग टिकवते. झाडझूड करून उघडी केलेली जमीन स्वच्छ दिसते पण पावसाने कडक होते आणि उन्हाने फुटते. ब्लोअरने फुलझाडांच्या वाफ्यातला पाला उडवणं तर बंदच करा.

अपवाद एकच, रोगट पानं. गुलाबाचा ब्लॅक स्पॉट किंवा असं काही असेल तर तो पाला वेगळा काढा.

उचललेल्या पाल्याचं काय करायचं?

लीफ मोल्ड, म्हणजे नुसता पाला कुजवून आच्छादन, करा. चार खुंट आणि जाळी, त्यात पाला, ओला करून दाबून, बस. जागा नसेल तर भोकं पाडलेल्या जाड पिशव्या. कंपोस्टसारखा हा ढीग तापत नाही कारण हे काम मुख्यतः बुरशी करते आणि ती सावकाश करते, फक्त ओल लागते. मेपल, बर्च, हेझल यांचा पाला वर्षभरात आच्छादनाजोगा होतो, ओक आणि बीचला दोन वर्षं धरा, पाइनच्या सुया आणखी जास्त. लवकर हवं तर आधी लॉनमोअरने बारीक करून घ्या. तयार झालेला काळा भुसभुशीत लीफ मोल्ड पोषणात कमी असतो पण ओल धरण्यात त्याला तोड नाही, आणि जंगलातल्या झाडांना नेमकं तेच हवं असतं.

मश्रूम खूप आलेत, झाडांना धोका? आणि खाता येतात का?

बहुतेक धोका नसतो. बर्चखाली येणारं लाल टोपी-पांढऱ्या ठिपक्यांचं फ्लाय ॲगॅरिक तर बर्चच्या मुळांशी देवाणघेवाण करून जगतं, दोघांचाही फायदा. काळजी करायची ती बुंध्यालगत मधाच्या रंगाचे घोस आले आणि सालीखाली पांढरा बुरशीचा पापुद्रा दिसला तर, तो हनी फंगस, म्हणजे मुळं कुजवणारी बुरशी, असू शकतो.

खाण्याबद्दल सरळ सांगते, फोटो बघून किंवा ॲप वापरून ओळखलेलं मश्रूम कधीच खाऊ नका. डेथ कॅप हे जीवघेणं मश्रूम बऱ्याचदा ओक आणि बीचखाली येतं, दिसायला साधं असतं, शिजवून त्याचं विष जात नाही आणि त्रास सुरू होईपर्यंत कित्येक तास जातात, तोवर यकृताचं नुकसान चालू झालेलं असतं. बघा, फोटो काढा, तिथेच सोडा.

लहान मुलं आणि कुत्री असतील तर आणखी काय सांभाळायचं?

कोल्चिकम, ज्याला ऑटम क्रोकस म्हणतात, ते पूर्ण विषारी आहे, आणि वसंतात त्याची पानं जंगली लसणीच्या पानांसारखी दिसतात म्हणून माणसांनाही विषबाधा झाली आहे. यूची बी आणि पानं विषारी. हॉर्स चेस्टनटची चकचकीत फळं मुलं गोळा करतात, खेळायला ठीक, पण खायची नाहीत आणि कुत्र्याला चावू द्यायची नाहीत.

बीच आणि हॉर्नबीमची वाळलेली पानं झाडावरच का राहतात?

देठाजवळचा सुटण्याचा थर पुरता तयार होत नाही म्हणून. तरुण झाडांवर आणि खालच्या फांद्यांवर हे जास्त दिसतं, ओकवरही. झाड निरोगीच असतं. वसंतात नवीन कळी फुगली की जुनं पान गळतं.

कुठली झाडं टाळावीत?

विंग्ड स्पिंडल आणि जपानी बारबेरी रंगाला अप्रतिम, पण उत्तर अमेरिकेत ती पक्ष्यांमार्फत जंगलात पसरून स्थानिक झाडांची जागा खातात, तिथल्या काही राज्यांत विक्रीवर बंदी आहे. नॉर्वे मेपलचंही तिथे तसंच. तुमच्या भागातली आक्रमक झाडांची यादी बघूनच खरेदी करा, फोदरगिला आणि अमेलँकियर असताना विंग्ड स्पिंडलचा हट्ट कशाला.

पानगळ संपली की बागेत काय बघायचं?

साली! पानं गेली की साल दिसते. पेपरबार्क मेपलची दालचिनी रंगाची सुटणारी साल, उन्हात मागून बघा, पापुद्रे नारिंगी होतात. वनस्पती गोळा करणारे अर्नेस्ट विल्सन यांनी ते १९०१ मधे चीनहून आणलं. तिबेटी चेरीची साल घासून पॉलिश केल्यासारखी तांबडी. आणि हिमालयन बर्च, म्हणजे आपलं भूर्जपत्राचं झाड, त्याच्या काही जातींचं खोड पांढरंशुभ्र असतं. पावसानंतर मऊ फडक्याने खोडावरचं शेवाळ पुसलं तर आणखी खुलतं.

मग विच हेझल. व्हर्जिनियाचा विच हेझल तर पानं गळतानाच फुलतो, आणि चिनी जात ऐन हिवाळ्यात, तिच्या फितीसारख्या पाकळ्या कडाक्याच्या थंडीत गुंडाळून बसतात आणि ऊब आली की पुन्हा उलगडतात. सारकोकोकाचं झुडूप दाराजवळ लावा, फुलं दिसतही नाहीत इतकी बारीक पण वास भरून राहतो. नंतर स्नोड्रॉप, हेलेबोर, सायक्लामेन कूम. वसंतात झाडांना पानं फुटायच्या आधी वुड ॲनिमोन, ट्रिलियम, ब्लूबेल घाईघाईने फुलून घेतात कारण वर छत बंद झालं की खाली उजेड संपतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ऱ्होडोडेंड्रॉन आणि कँडेलाब्रा प्रिम्युला, पुढे हायड्रेंजिया, नेचे, होस्टा. भर उन्हाळ्यात बाग शांत आणि नुसती हिरवी असते, तेव्हा लोकांना वाटतं काहीच नाही, पण गरम दिवशी तिथे जाऊन बसा.

मेपलची छाटणी कधी?

पानं पूर्ण गळल्यावर, हिवाळ्याच्या पूर्वार्धात. हिवाळ्याच्या शेवटी रस वर चढायला लागला की कापलेल्या जागेतून गळत राहतो. आणि कमीत कमी छाटा, मेलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या सोडून जपानी मेपलला छाटायचं काही कारण नसतं.

रंग बघण्यासाठी नावाजलेली ठिकाणं?

इंग्लंडमधलं वेस्टनबर्ट आर्बोरेटम, रॉबर्ट होलफर्ड यांनी १८२९ मधे सुरू केलेलं, जपानी मेपलच्या संग्रहासाठी प्रसिद्ध. बॉस्टनचं अर्नोल्ड आर्बोरेटम १८७२ चं. अशा ठिकाणी झाडांवर नावाच्या पाट्या असतात, पाटीचा फोटो आधी आणि झाडाचा नंतर काढत जा.

फोटो चांगले येत नाहीत, रंग डोळ्यांना दिसतो तसा का नाही येत?

भर दुपारी काढता म्हणून. ढगाळ दिवस किंवा पाऊस नुकता थांबलेला असताना काढा, ओल्या पानांचा रंग गडद येतो. पानांवरची चमक रंग खाते, पोलरायझर फिल्टरने ती जाते. उजेडाकडे तोंड करून, एक्स्पोजर थोडं कमी करून काढा.

पुढच्या वर्षीसाठी आत्ता काय लावून ठेवायचं?

पाला गळतोय तोवरच वसंतातले कंद पुरा, कंदाच्या उंचीच्या दोन-तीन पट खोल. स्नोड्रॉपचे कोरडे कंद बऱ्याचदा रुसतात, ते फुलं झाल्यावर हिरव्या पानांसकट मिळतात तेव्हा घ्या. ब्लूबेल घेताना स्पॅनिश जात आणि इंग्लिश जात यांची गल्लत करू नका, दोघींचा संकर होतो आणि जवळ मूळ ब्लूबेलचं जंगल असेल तर स्पॅनिश लावूच नका. रांगेत लावू नका, मूठभर कंद हलकेच जमिनीवर टाका आणि जिथे पडतील तिथेच पुरा, आणि मग बाजूला सारलेला पाला त्यावर परत ओढून घ्या.